महागडा रॉड घेतला, तरी लाइनचा गुंताच? फ्लाय फिशिंगमध्ये रॉडची ‘अ‍ॅक्शन’ आपल्या हाताशी कशी जुळवायची, समजून घ्या!

मोबाइलवर रील्स पाहताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. डोंगरातली नदी, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, हातात लांब बारीक रॉड आणि डोक्यावरून मागे-पुढे झेपावणारी रंगीत दोरी. हवेत त्या दोरीचा वळसा उलगडत जातो आणि टोकाची इवलीशी माशी अलगद पाण्यावर टेकते. यालाच म्हणतात फ्लाय फिशिंग.

१९९२ साली आलेल्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या रॉबर्ट रेडफर्डच्या चित्रपटाने ही दृश्यं जगभर पोहोचवली. मोंटानाच्या नदीत उभा राहून लाइन फेकणारा तरुण ब्रॅड पिट पाहून अनेकांना या छंदाची ओढ लागली.

पण पडद्यावर सोपं दिसणारं हे काम हातात रॉड आला की अवघड होऊन बसतं. त्याआधीच दुकानात किंवा वेबसाइटवर पहिला प्रश्न समोर येतो: फास्ट अ‍ॅक्शन हवा, मीडियम की स्लो? नवखा माणूस मनाशी म्हणतो, फास्ट म्हणजे नक्कीच भारी असणार! नामांकित अमेरिकन कंपन्यांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या रॉडची किंमत हजार डॉलरच्या घरात जाते. एवढे पैसे मोजूनही लाइन पायाशी गोळा होते, तिला गाठी पडतात आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस ठरवून टाकतो, “हे आपल्याला जमायचं नाही.” रॉड कपाटावर जातो आणि छंद तिथेच संपतो.

पुष्कळदा यात हातही चांगला असतो आणि रॉडही. दोघांचं एकमेकांशी जमलेलं नसतं, एवढंच. ते कसं जमवायचं, हेच आज जाणून घेऊया.

इथे आमिष नाही, दोरी फेकतात

कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्यांना ठाऊक असतं, की गरी लांब जाते ती तिला बांधलेल्या शिशाच्या वजनामुळे. वजन पुढे धावतं, दोरी त्याच्या मागून जाते. शेतात पाखरं हाकलायच्या गोफणीचंही तसंच. दगडाला वजन आहे म्हणून तो लांब जातो.

फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गळावर पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून तयार केलेली नकली माशी असते. तिचं वजन ग्रॅमचा काही अंश. ती नुसती फेकली तर पायापाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीतच असतं. या जाडसर दोरीला फ्लाय लाइन म्हणतात. पोतराजाचा आसूड हवेत कसा वळसा घेत टोकापर्यंत उलगडतो, ते आठवा. फ्लाय लाइन तशीच उलगडते आणि शेवटची माशी तिच्यासोबत पुढे जाते. या वळशालाच ‘लूप’ म्हणतात.

लाइनच्या वजनाला क्रमांक असतात. अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या मापानुसार लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन मोजतात. ५ नंबरच्या लाइनचं हे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असतं. ८ नंबरच्या लाइनचं २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. रॉडवरही हाच क्रमांक छापलेला असतो. ५ नंबरचा रॉड म्हणजे ५ नंबरच्या लाइनसाठी बनवलेला रॉड.

मग ‘अ‍ॅक्शन’ म्हणजे नेमकं काय?

लाइनचा भार आला की रॉड कुठपर्यंत वाकतो आणि भार सुटला की किती चटकन सरळ होतो, याला रॉडची अ‍ॅक्शन म्हणतात. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

फास्ट अ‍ॅक्शन: रॉड मुख्यतः टोकाकडच्या एक तृतीयांश भागात वाकतो. बाकीचा भाग ताठ राहतो.

मीडियम अ‍ॅक्शन: वाक साधारण मध्यापर्यंत उतरतो.

स्लो अ‍ॅक्शन: रॉड जवळजवळ मुठीपर्यंत वाकतो.

यांच्या अधल्यामधल्या पायऱ्याही असतात. त्यातली ‘मीडियम फास्ट’ तर दुकानात जागोजागी दिसते.

हा फरक साहित्याच्या इतिहासाशीही जोडलेला आहे. पूर्वी उत्तम फ्लाय रॉड बांबूचे असत. चीनमधून येणाऱ्या टोंकिन बांबूच्या पट्ट्या तासून, सहसा सहा पट्ट्या एकत्र चिकटवून ते बनवत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आले. १९७० च्या दशकात कार्बन फायबरचे, म्हणजे ज्यांना ग्रॅफाइट म्हणतात ते रॉड बाजारात आले आणि चित्र पालटलं. कार्बन हलका आणि ताठ, त्यामुळे चटकन सरळ होणारे रॉड बनवणं सोपं झालं.

‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’मध्ये वडील मेट्रोनोम लावून मुलांना चार ठोक्यांच्या लयीत कास्टिंग शिकवतात. हात घड्याळाच्या १० आणि २ च्या काट्यांमध्ये फिरवायचा, हा धडा आजही अनेक ठिकाणी दिला जातो. गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे बांबूच्या जमान्यातली. तोच ठेका आजच्या ताठ रॉडवर जसाच्या तसा बसेलच असं नाही. का, ते पुढे पाहू.

ताकद वेगळी, अ‍ॅक्शन वेगळी

इथे अनेकांची गल्लत होते. ‘फास्ट’ म्हणजे दणकट आणि ‘स्लो’ म्हणजे नाजूक, असा समज असतो. प्रत्यक्षात रॉड किती भार पेलतो हे त्याचा क्रमांक सांगतो, आणि तो कुठे वाकतो हे अ‍ॅक्शन सांगते. ३ नंबरचा नाजूक रॉडही फास्ट असू शकतो आणि ८ नंबरचा दणकट रॉडही स्लो असू शकतो.

हा फरक स्पष्ट करणारी एक गमतीदार पद्धत अमेरिकेतल्या विल्यम हॅनमन यांनी मांडली. तिचं नाव ‘कॉमन सेंट्स’. रॉडची मूठ आडवी घट्ट बसवायची, टोकाला पिशवी टांगायची आणि तिच्यात एक-एक सेंटची नाणी टाकत जायची. रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतकं टोक खाली आलं की थांबायचं. किती नाणी लागली, यावरून रॉडची ताकद कळते. त्या क्षणी टोक किती अंशात कललं आहे, यावरून अ‍ॅक्शन कळते. टोकाचा कल जितका जास्त, तितका रॉड फास्ट. एकाच प्रयोगात दोन वेगळी उत्तरं!

अशा पद्धतीची गरज पडली, कारण रॉडवर छापलेल्या ‘फास्ट’, ‘मीडियम’ या शब्दांना सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेलं एकच माप नाही. एका कंपनीचा मीडियम फास्ट दुसरीच्या फास्टइतका ताठ लागू शकतो. तेव्हा लेबल हा केवळ अंदाज समजावा.

सगळा खेळ सरळ रेषेचा

आता मुख्य मुद्दा. बिल आणि जे गॅमेल या अमेरिकन प्रशिक्षक बाप-लेकांनी चांगल्या कास्टची पाच सूत्रं मांडली. लाइनमध्ये ढील कमीत कमी ठेवा. मागे-पुढे जाताना लाइनच्या लांबीनुसार थांबा. लाइन जितकी लांब, तितका हाताचा फेर मोठा ठेवा. जोर योग्य जागी आणि योग्य प्रमाणात लावा. आणि रॉडचं टोक सरळ रेषेत न्या.

हे शेवटचं सूत्र अ‍ॅक्शन समजण्याची किल्ली आहे. लाइन टोकाच्या मागून जाते. टोक सरळ गेलं तर लूप अरुंद होतो आणि लाइन नेमकी जाते. टोक कमानीत गेलं तर लूप दरवाजासारखा रुंद होतो. टोक मध्येच खाली बुडालं, तर लूपचा वरचा भाग खालच्यावर येऊन आदळतो आणि पुढच्या बारीक दोरीला गाठ पडते. याला ‘टेलिंग लूप’ म्हणतात. नवखे लोक या गाठींचा दोष वाऱ्याला देतात. बहुतेक वेळा वारा बिचारा निर्दोष असतो.

मुठीपाशी फिरवलेल्या ताठ काठीचं टोक गाडीच्या वायपरसारखं कमानीत जाणार. मग ते सरळ कसं न्यायचं? इथे रॉडचा वाक कामी येतो. फेर अर्ध्यावर आला की रॉड वाकतो, म्हणजे तेवढ्यापुरता आखूड होतो आणि कमानीचा वरचा फुगवटा कमी होतो. हाताचा फेर आणि रॉडचा वाक यांचा मेळ बसला की टोक सरळ जातं.

याचा अर्थ असा:

स्लो रॉड जास्त वाकतो, म्हणून त्याला हाताचा फेर मोठा आणि जोर हळूहळू वाढत जाणारा लागतो.

फास्ट रॉड कमी वाकतो, म्हणून त्याला फेर छोटा आणि थांबा नेमका लागतो.

फास्ट रॉडवर मोठा फेर घेतला तर लूप रुंद होतो. स्लो रॉडवर छोट्या फेरात झटका दिला तर टोक बुडतं आणि गाठी पडतात. रॉड बदलला की हातालाही बदलावं लागतं, ते यामुळेच.

आणखी एक गैरसमज. रॉड म्हणजे स्प्रिंग आहे आणि तीच लाइन लांब उडवते, असं वाटतं. रॉडमध्ये स्प्रिंगसारखी ऊर्जा साठते हे खरं, पण लाइनच्या वेगात मोठा वाटा हाताने रॉड फिरवण्याचा, म्हणजे तरफेचा असतो. फास्ट रॉड आपोआप लांब फेकत नाही. ज्याच्या हातात वेग आणि नेमका थांबा आहे, त्याला तो लांब फेकू देतो.

सचिन तेंडुलकर जड बॅटने खेळायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. तीच बॅट गल्लीतल्या पोराच्या हातात दिली तर त्याचा ड्राइव्ह उशिरा यायचा. बॅट उत्तमच होती, पण ती त्या मनगटासाठी होती.

तुमचा हात कसा आहे? ही लक्षणं पाहा

रॉड निवडण्याआधी स्वतःची कास्ट पाहा. मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तर लूपचा आकार स्पष्ट दिसतो.

१. हालचाल संथ, फेर मोठा: काही लोकांचा हात मुळातच लयीत, झोका घेतल्यासारखा चालतो. ताठ रॉडवर त्यांचे लूप रुंद होतात आणि लाइन ढिगासारखी पडते. अशांना मीडियम किंवा स्लो अ‍ॅक्शन सोयीची पडते.

२. हालचाल तडक, फेर छोटा: बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस खेळणाऱ्यांमध्ये अशी सवय दिसू शकते. मऊ रॉडवर हा झटका टोक बुडवतो आणि गाठी वाढतात. अशांना फास्ट किंवा मीडियम फास्ट रॉड जुळतो. अर्थात जोर एकदम न लावता वाढवत न्यायला शिकणं हा त्याहून स्वस्त उपाय आहे!

३. “रॉड वाकतोय हे कळतच नाही”: जवळ फेकताना बाहेर लाइन थोडीच असते, म्हणजे भारही थोडाच. ताठ रॉड तेवढ्याने फारसा वाकत नाही आणि नवख्याला हाताला काही जाणवत नाही. मीडियम रॉडवर ही जाणीव लवकर होते. म्हणूनच शिकणाऱ्यांना बरेच जण मीडियम किंवा मीडियम फास्ट सुचवतात.

४. मागे लाइन जमिनीला लागते, किंवा चाबकासारखा फटका ऐकू येतो: हा रॉडचा प्रश्नच नाही. हात मागे फार खाली गेला तर लाइन जमिनीवर आपटते. मागची लाइन उलगडायच्या आत पुढे ओढली तर फटका वाजतो आणि माशीही तुटून जाऊ शकते. मागे वळून लाइन सरळ झालेली पाहा आणि मगच पुढे या. यावर नवा रॉड घेणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पाणी कुठलं, मासा कुठला?

हातानंतर जागेचा विचार. भारतात ट्राउट हा मूळचा मासा नाही. ब्रिटिशांनी तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड पाण्यात आणून सोडला. हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात आज ब्राउन आणि रेनबो ट्राउटसाठी लोक फ्लाय रॉड घेऊन जातात. तिथे मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि हिवाळ्यातल्या विणीच्या काळात ट्राउट पकडायला बंदी असते.

अशा दगडधोंड्यांच्या, झाडांनी वेढलेल्या ओढ्यांवर कास्ट बहुधा २०-३० फुटांचीच असते. ३ किंवा ४ नंबरचा, ७ ते ८ फुटी, मीडियम किंवा स्लो रॉड इथे मजा आणतो. थोड्या लाइनवरही तो वाकतो आणि माशी हलकेच उतरवतो. आणखी एक फायदा म्हणजे, माशीजवळची ‘टिपेट’ ही दोरी फारच बारीक असते. ६ एक्स मापाची टिपेट जेमतेम ०.१३ मिलिमीटर जाडीची असते. माशाने अचानक उसळी घेतली की मऊ रॉड तो झटका स्वतः झेलतो आणि टिपेट वाचते. ताठ रॉडवर घाईने हिसका दिला तर मासा टिपेट तोडून पसार!

मोठी नदी, मोकळं तळं, वारा, किंवा वजनदार माश्या असतील तर मात्र फास्ट रॉडला पर्याय कमी. अरुंद, वेगवान लूप वारा कापत जातो. समुद्रकिनाऱ्यावर ८ नंबर आणि त्यापुढचे रॉड बहुतेक फास्टच असतात, ते याच कारणाने. महसीरसाठीही ८ ते १० नंबरचे दणकट रॉड वापरतात. इथे एक गोष्ट विसरू नये: हिमालयातला सोनेरी महसीर धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये मोडतो. त्यामुळे परवानगी आहे तिथेच, काटा नसलेला गळ वापरून, मासा झटपट सोडून देण्याच्या तयारीनेच जावं. दमवून दमवून ओढण्यापेक्षा पुरेशा ताकदीचा रॉड घेऊन लवकर सोडणं त्याच्या जिवाला बरं.

कुठे जाणार हे नक्की नसेल, तर ९ फुटी, ५ नंबरचा, मीडियम फास्ट रॉड ही ट्राउटसाठीची सर्वमान्य सुरुवात आहे.

खरेदी करताना हे कराच

नुसता हलवून पाहू नका. दुकानात रॉड हातात घेऊन हलवला की फास्ट रॉड चपळ वाटतो आणि स्लो रॉड लिबलिबीत. पण लाइनच्या वजनाशिवाय हलवलेला रॉड, पीठ न टाकता फिरवलेल्या जात्यासारखा. त्यावरून काहीच ठरत नाही. रील आणि लाइन लावून, गवतावर किंवा मोकळ्या जागेत फेकून पाहा.

तीन अंतरं तपासा. २०, ३० आणि ४५ फूट. तुम्ही ज्या अंतरावर जास्त वेळा फेकणार, तिथे रॉड सहज चालला पाहिजे. ७० फुटांवर चमकणारा रॉड २० फुटांवर मुका असेल, तर ओढ्यावर त्याचा उपयोग नाही.

थकवा पाहा. पाचव्या कास्टला सगळेच रॉड छान वाटतात. पंधरा-वीस मिनिटांनी मनगट किंवा खांदा भरून आला, तर तो रॉड तुमच्याकडून त्याच्या लयीत काम करवून घेतोय, असं समजा.

लाइन बदलून पाहा. आजकालच्या बऱ्याच लाइन्स छापील क्रमांकापेक्षा अर्धा किंवा पूर्ण नंबर जड बनवलेल्या असतात. घरी ताठ रॉड पडून असेल, तर नवा घेण्याआधी त्याला अशी थोडी जड लाइन लावून पाहा. जवळच्या कास्टला तो जास्त वाकेल आणि हाताला जाणवू लागेल. लाइनचा खर्च महागड्या रॉडपेक्षा खूपच कमी असतो.

उसना रॉड मिळाला तर उत्तम. ट्राउटच्या ठिकाणी वाटाड्याबरोबर एक दिवस घालवला, तर त्याच्याकडचे वेगळे रॉड वापरून पाहता येतात. हजारो रुपये घालण्याआधीची ही सगळ्यात स्वस्त परीक्षा.

आणि सरावासाठी नदीच हवी असं नाही. मैदानात गळाऐवजी लोकरीचा छोटा तुकडा बांधून रोज दहा मिनिटं फेकली तरी महिन्याभरात हात बसतो. पाण्यावर गळ लावून जाताना मात्र डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच. ताशी कितीतरी वेगाने कानाजवळून जाणारा गळ नवखा-अनुभवी बघत नाही.

थोडक्यात, फास्ट, मीडियम आणि स्लो हे तीन दर्जे नाहीत. कुणाचा हात संथ, कुणाचा तडक. कुणाचं पाणी अरुंद, कुणाचं विस्तीर्ण. आधी व्हिडिओत आपला लूप पाहा, मग आपलं पाणी ठरवा आणि शेवटी रॉडची किंमत विचारा. हा क्रम उलटा झाला, की हजार डॉलरचा रॉड कपाटावर धूळ खात पडतो. सरळ राहिला, तर साधा, मध्यम किमतीचा रॉडही माशी नेमकी हवी तिथे उतरवतो.